तो नाही, त्याच्यासारखा आहे

नानांच्या सदऱ्याच्या खिशात एक छोटी पितळी डबी असते. डबी त्यांच्या वडिलांची. वडील तिच्यात तपकीर ठेवत. नाना तपकीर ओढत नाहीत. सुपारीचं खांडसुद्धा त्यांनी तोंडात टाकलेलं मी कधी पाहिलं नाही. तरीही मागच्या वर्षी एकदा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर भेटले, इकडंतिकडं बघितलं, डबी काढली आणि झाकण उघडून थेट माझ्या नाकाखाली धरली. मी दचकून मागं सरकलो. आत कापसाच्या गादीवर नखाएवढी एक पापडी निजली होती. भिंतीवरच्या रंगाची.

"कुठला रंग म्हणशील?"

"तपकिरी."

नानांनी डबी फटकन मिटली. "या डबीत चाळीस वर्षं तपकीर होती. तपकिरी कशाला म्हणतात ते मला नको शिकवू. हा तपकिरी नाही. त्याच्यासारखा आहे."

'त्याच्यासारखा आहे' हा नानांचा अखेरचा निकाल. त्यावर अपील चालत नाही. मालिकेत मध्येच बदललेला नट, दुसऱ्या गिरणीतून आणलेलं पीठ, चष्म्याची नवी फ्रेम, सगळ्यांना त्यांनी हाच निकाल दिलेला आहे. सदऱ्याचं एक बटण तुटलं तर शहाणा माणूस चारी बटणं बदलतो. नाना तेच बटण शोधतात. सापडेपर्यंत सेफ्टी पिन. सहा कपांच्या संचातला एक कप फुटला, तेव्हा दोन वर्षं पाच कपांवर संसार केला आणि शेवटी कराडच्या एका दुकानातून सहावा आणला. मी कौतुक केलं तर म्हणाले, "दांडी बघ. त्याच्यासारखी आहे." आजही तो कप नाना स्वतः घेतात, पाहुण्याला देत नाहीत. पाहुण्याची फसवणूक नको.

यात त्यांच्या नोकरीचाही दोष असावा. नाना भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि नोकरीही ३३ वर्षांची, हा त्यांचा आवडता विनोद. त्या साखळीचे १६ आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून जरासा जास्त. एवढ्याशा आण्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातलं पाणी पीत नाहीत, हे त्यांनी उभ्या जिल्ह्यात बांधाबांधावर बघितलेलं. त्यामुळं 'साधारण', 'अंदाजे', 'चालतंय की' हे शब्द त्यांच्या कानाला खड्यासारखे लागतात. समोरच्या दारात राहणाऱ्या माझ्यासारख्याचा निम्मा संसार याच तीन शब्दांवर चाललेला आहे.

तर ती पापडी.

नानांच्या हॉलमधली टीव्हीची भिंत १२ वर्षांपूर्वी चिरंजीवांच्या आग्रहानं ब्राउन झाली होती. तीन भिंती बदामी आणि एक गडद, अशी तेव्हा फॅशन होती. मागच्या पावसाळ्यात वरच्यांच्या बाथरूममधून पाणी पाझरलं आणि त्या भिंतीला परातीएवढा पोपडा आला. पेंटरनं तो खरवडला, पुट्टी भरली, काचपेपर मारला, प्रायमर लावला. ब्राउन भिंतीवर पांढरं, लांबुळकं, कडांना फाटे फुटलेलं ठिगळ तयार झालं. नाना लांबून बघून म्हणाले, "कोयनेचा जलाशय."

पेंटर जुना माणूस. त्यानं ब्रश धुता धुता पहिल्याच दिवशी सांगितलं, "नाना, ठिगळ जुळत नसतं. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतुर सगळी भिंत एकाच डब्यानं मारू. दोन हात. मिटला इषय."

शहाणपणाचा सल्ला पहिल्या दिवशी मिळाला की तो कुणी घेत नाही, हा जगाचा नियम. नानांनी तर त्या सल्ल्याचा अपमानच मानला. "तेवढ्या डागापायी आख्खी भिंत? म्हणजे बांध सरकला म्हणून आख्ख्या गावाची फेरमोजणी करायची?"

त्यांची बाजू भक्कम होती. माळ्यावर जुना डबा होता, डब्यावर चिठ्ठी होती, चिठ्ठीवर कंपनीच्या रंगाचा नंबर होता. नाना कागदं टाकत नाहीत. तोच नंबर, तीच कंपनी, एक छोटा डबा मशीनवर करून आणला आणि पेंटरनं ठिगळाच्या कडेला बोटभर पट्टा मारला. वाळला. नानांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तो नाही."

पट्टा गडद दिसत होता, हे मलासुद्धा कळलं. नानांनी त्याच रात्री कंपनीला पत्र लिहिलं. 'आपण रंगाच्या घटकांत परस्पर बदल केल्याचे दिसते. खुलासा व्हावा.' कंपनीचं नाव मी सांगणार नाही. कारण पुढं येईलच. खुलासा आला नाही. मग नानांनी त्या कंपनीशी संबंध तोडले आणि बाकीच्या कंपन्यांच्या दारात गेले. इथून चार महिन्यांचा उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सुरू झाला.

आधी शेडकार्डं आली. एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्यूलक्स, सगळ्यांची. जेवायच्या टेबलावर ती पत्त्यांसारखी पसरलेली असत आणि नाना एकटेच पेशन्स लावत बसलेले असत. कार्डावरच्या इंग्रजी नावांचा त्यांना भयंकर राग. ब्राउनची निम्मी नावं बेकरीतून आलेली आणि उरलेली जंगलातून. "रंग विकतायत का बिस्किटं?" असं म्हणून त्यांनी प्रत्येक चौकोनावर पेन्सिलीनं मराठी नावं घातली: काथ्या, चिंचोका, जायफळ, खजूर, विटकरी, उदी, करपलेला गूळ, एसटीतली सीट (जुनी), एसटीतली सीट (नवी). आपल्या भाषेत एवढे ब्राउन आहेत, हे मला नानांच्या टेबलावर कळलं. आपण मात्र आळसानं सगळ्यांना एकच नाव देतो, आणि तेही नाकात ओढायच्या पुडीवरून.

मग रंगाची दुकानं. तिथल्या मशीनवरचा पोरगा आणि नाना यांची पुढं घट्ट मैत्री झाली, पण सुरुवातीला पोरगा त्यांना बघून चहाला जायचा. नाना म्हणायचे, "त्यांचा नंबर आहे माझ्याकडं, तुमच्या मशीनमध्ये घाल." पोरगा समजावायचा, "काका, त्यांचा बेस वेगळा, आमचा वेगळा. पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा, तिघांपासूनच सगळे ब्राउन होतात. पण त्यांचा काळा म्हणजे आमचा काळा नाही. माप तेच घातलं तरी रंग तो येणार नाही." हे नानांना पटलं ते नानींमुळं. नानींची आमटी शेजारणीनं त्याच मापानं केली होती, पण मसाला तिच्या घरचा. आमटी झाली. ती नव्हती.

दुकानात रंग वाचायचं यंत्रही होतं. नमुन्यावर टेकवायचं, ते आतून उजेड टाकतं, परत आलेला उजेड मोजतं आणि जवळचा नंबर सांगतं. वर किती चुकलं तेही सांगतं. त्या आकड्याला 'डेल्टा ई' म्हणतात. आकडा एकच्या आत असला तर साध्या डोळ्याला फरक सहसा कळत नाही. मोजता येणारा फरक! नाना हरखून गेले. तेव्हापासून घरात सगळ्याचाच डेल्टा निघू लागला. "आज चहाचा डेल्टा दोनच्या वर गेलाय." "सुनेच्या आवाजाचा डेल्टा बघ, काहीतरी बिनसलंय." नानी म्हणाल्या, "बोहल्यावर तुमचा आणि पत्रिकेतल्या फोटोचा डेल्टा किती होता, ते मी अजून कुणाला सांगितलं नाही."

यंत्रानं पापडी वाचली आणि १.८ दाखवला. नाना म्हणाले, पुन्हा वाच. पोरग्यानं जोरात टेकवलं आणि पापडीचे तीन तुकडे झाले. दोन उडाले. दुकानात सन्नाटा. नानांनी उरलेला तुकडा डबीत ठेवला आणि काही न बोलता बाहेर पडले. अर्ध्या तासानं परत आले ते कंदी पेढ्याचा पुडा घेऊन.

"रंग अगदी असा होता," त्यांनी एक पेढा काउंटरवर ठेवला. "भिंत रंगवली त्या दिवशी पेढे आणले होते, ताट भिंतीपाशी धरलं होतं. मला पक्कं आठवतंय."

"काका, मशीनला तूप लागलं तर शेठ माझ्या पगारातनं कापतील."

शेवटी पेढा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, तळहातावर दाबून सपाट करून वाचण्यात आला. साताऱ्याचा कंदी पेढा खवा खरपूस भाजून होतो, आणि भाजणं प्रत्येक कढईगणिक वेगळं. नानांनी तीन दुकानांतले तीन पेढे वाचायला लावले. तिघांचे तीन नंबर आले. पोरग्यानं तिन्ही पेढे खाल्ले आणि म्हणाला, "काका, चव मॅच झाली."

या सगळ्यात खरी जाणकार घरात बसून गवार मोडत होती. नानींनी आयुष्यातल्या किती दुपारी मॅचिंग सेंटरमध्ये काढल्या असतील याचा हिशेब नाही. साडी घेऊन जायचं, काउंटरवरच्या भाऊंनी अस्तरं-पोलक्यांचे ठाण पटापट पसरायचे, आणि बायकांनी कापडाचं टोक धरून दुकानाबाहेर रस्त्यावर जायचं. नाना तेव्हा बाहेर स्कूटरवर बसून कुत्सितपणे घड्याळ बघत. आता त्यांनी एकदा दुकानातल्या ट्यूबखाली हुबेहूब जुळलेला डबा घरी आणला, लावला, आणि खिडकीच्या उजेडात तो ढेकणाच्या रक्तासारखा तांबडा दिसू लागला. नानी गवारीवरून नजर न उचलता म्हणाल्या, "ट्यूबखाली काही घ्यायचं नसतं. एका उजेडात जुळतं ते दुसऱ्यात जुळेलच असं नाही. त्याशिवाय का आम्ही रस्त्यावर उभ्या राहायचो?"

नाना बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "पोरगा सांगत होता, याला इंग्रजीत काहीतरी मोठा शब्द आहे. हिला तो शब्दाशिवायच येतो."

त्यानंतर पंचनामे सुरू झाले. प्रत्येक नमुना पुठ्ठ्यावर दोन हात मारून, भिंतीला टेकवून, दिवसातून चार वेळा बघायचा. रंग ओला असतो तेव्हा उजळ दिसतो आणि वाळला की गडद होतो, म्हणून आधी नानींच्या केसांचा ड्रायर त्यावर धरायचा. ("माझ्या डोक्यावर कधी धरला नाहीत," नानी म्हणाल्या.) सगळी नोंद वहीत, मोजणीच्या टिपणासारखी. 'नमुना क्र. ७. सकाळी ७: जुळतो. दुपारी १२: जुळतो. संध्याकाळी ६, ट्यूब: फितूर.' एकदा रात्री साडेदहाला बेल वाजली. वीज गेली होती. दारात नाना, हातात मेणबत्ती. "जरा ये. मेणबत्तीत क्रमांक नऊ कसा दिसतो ते बघू."

"नाना, मेणबत्तीत भिंत कोण बघणार आहे?"

"आपण बघणार आहोत ना आत्ता."

याला उत्तर नव्हतं. गेलो.

पेंटरला बोलावून जुन्या पद्धतीनं, डोळ्याच्या अंदाजानंही एक प्रयोग झाला. मशिनं नव्हती तेव्हा पेंटर पांढऱ्यात स्टेनरचे थेंब टाकून रंग बसवत. आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली काढलेला तो गट्टू, हातात ब्रश आणि डबा घेतलेला खट्याळ पोरगा, ज्या काळात डब्याडब्यावर होता, त्या काळची ही विद्या. पेंटरनं एक ट्यूब पिळली. वरचं नाव नानांनी वाचलं: बर्न्ट सिएना. सिएना हे इटलीतलं एक शहर आणि हा मूळचा तिथल्या मातीचा रंग, भाजला की तांबूस होणारा, हे मी सांगितलं. नानांचा चेहरा उजळला. "म्हणजे जमीनच की! सातबारा कुणाच्या नावावर आहे?" तो नमुना क्र. ११. दुपारी चारपर्यंत टिकला.

उरलेल्या डब्यांचं काय करायचं, हा प्रश्न नानींनी परस्पर सोडवला. गॅलरीतल्या कुंड्या रंगवून टाकल्या. दर नमुन्याला एक कुंडी. क्रमांक एकमध्ये कोरफड, दोनमध्ये ओवा, तीनमध्ये गवती चहा, असं करत चौदा कुंड्यांत चौदा ब्राउन उभे राहिले. रस्त्यानं जाणाऱ्याला चौदा कुंड्या एकाच रंगाच्या वाटत. नानांना त्यांच्याकडं बघवत नसे. "चौदा पराभव," म्हणत आणि पाणी घालत.

दिवाळीत पुण्याहून नातू आला. इंजिनिअरिंगचा पोरगा, त्यानं सगळा इतिहास ऐकून घेतला आणि मोबाइलवर एक चौकोन दाखवला. भोवती लख्ख पांढरं.

"आजोबा, रंग?"

"ब्राउन. आपल्यापेक्षा उजळ."

पोरानं भोवतालचं पांढरं घालवून काळं केलं. "आता?"

"नारिंगी."

"चौकोन तोच आहे. मी त्याला हातही लावलेला नाही. इंद्रधनुष्यात ब्राउन नसतोच, आजोबा. नारिंगी रंग भोवतालच्या मानानं काळोखात पडला की आपण त्याला ब्राउन म्हणतो."

नानांनी मोबाइल उलटा केला, पालथा केला, अंगठ्यानं पुसून बघितला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस नारिंगी शोधतोय?"

आतून नानी म्हणाल्या, "नागपूरची संत्री आलीत बाजारात. डझनभर घेऊन या."

नानांचा शोध संपला तो त्यांच्या हातून नव्हे, कालनिर्णयच्या हातून. ३१ डिसेंबरला संध्याकाळी त्यांनी जुनं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. दरवर्षीचं नवं कालनिर्णय त्याच खिळ्यावर, त्याच मापाचं, त्यामुळं बारा वर्षांत त्यामागच्या भिंतीनं एखादं मिनिटच उजेड पाहिलेला. या वेळी डोळ्यांना चार महिन्यांची धार होती. नानांची हाक ऐकून मी धावत गेलो. मला वाटलं, पडले.

ते भिंतीसमोर उभे होते. कालनिर्णयच्या आकाराचा एक गडद, ताजा, तजेलदार आयत भिंतीवर होता आणि त्याच्या चहूबाजूंना, ज्या रंगासाठी एवढी पायपीट झाली तो, खिडकीच्या उन्हानं आणि बारा वर्षांच्या फडक्यानं विटलेला.

नाना काही बोलले नाहीत. सरळ गॅलरीत गेले आणि क्रमांक एकची कुंडी कोरफडीसकट उचलून आणली. पहिल्याच दिवशी त्याच कंपनीकडून, त्याच नंबरचा केलेला रंग. कुंडी आयताला टेकवली. कोरफडीचा काटा माझ्या कानाला लागत होता, पण हलायची सोय नव्हती. खिडकीच्या उजेडात बघितलं. ट्यूब लावून बघितलं. ट्यूब घालवून मेणबत्ती लावून बघितलं.

"तोच," नाना म्हणाले.

मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. इतके दिवस भिंत स्वतःच त्याच्यासारखी होती.

त्या रात्री नानांनी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं. 'आमच्या दि. अमुकच्या पत्रातील तक्रार चुकीच्या हद्दीवरून केलेली होती. आपला रंग बरोबर असून आमची भिंत सरकलेली आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' मी म्हटलं, नाना, पहिल्या पत्राला त्यांनी उत्तर दिलेलं नाही, दुसरं कशाला? तर म्हणाले, "मोजणी चुकली तर दुरुस्ती काढावी लागते. समोरच्यानं वाचली नाही तरी."

मकरसंक्रांतीनंतर पेंटर आला. ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापतुर, एकाच डब्यानं, दोन हात. 'मी म्हणलं नव्हतं का,' हे वाक्य त्या भल्या माणसानं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. फक्त कालनिर्णयचा आयत नानांनी रंगवू दिला नाही. त्याच्या चार कोपऱ्यांना पेन्सिलीनं चार खुणा केल्या आणि खाली तारीख घातली. शेतात हद्दीचा दगड असतो, तसा हा. नांगरट कितीही झाली तरी दगड हलवायचा नसतो.

आता कुणी भेटायला आलं की चहाआधी कॅलेंडर उचललं जातं. पाहुणे वाकून बघतात आणि प्रामाणिकपणे म्हणतात, "कुठं काय? सगळं एकच दिसतंय." नाना खूश होतात आणि दुखावतातही. "आतला तो आहे," ते समजावतात, "बाहेरचा त्याच्यासारखा आहे." मग पाहुण्याला चहा मिळतो. कराडचा कप नाना स्वतः घेतात.

या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडं बसलो होतो. नाना पेपरात डोकं घालून होते. सहज वर बघितलं तर छताच्या कडेला, नव्या भिंतीवर, रुपयाएवढी ओल आली होती. मी नानींकडं बघितलं. नानींनी ती आधीच बघितलेली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय रे, काय बघतोस?" नानांनी पेपर खाली केला.

"काही नाही. रंग छान बसलाय."

"बसलाय," नाना भिंतीकडं न बघताच म्हणाले आणि त्यांचा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशाकडं गेला. "साधारण बरा बसलाय."